हडसन खेडला नेली तेव्हा

खोटं कशाला बोलू, मला बोट लागायची. खलाशाचा मुलगा, रत्नागिरीच्या राजिवड्यात वाढलेला, आणि गलबत बंदराबाहेर पडलं की पोटातलं सगळं बाहेर! माझा बापूस जानू, जैनुद्दीन तांडेलांच्या, म्हणजे कप्तानाच्या, हाताखाली गलबतावर वीस वर्षं खलाशी होता. तो तापाने गेला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पुढे जरा मोठा झाल्यावर जैनुचाचांनी मला तीनदा गलबतावर चढवून बघितलं आणि तिसऱ्या खेपेला हात जोडले. "बकुळे," माझ्या आवशीला म्हणाले, "तुझा पोर दर्याचा नाय. ह्याला जमिनीवरच काय ते शिकवू या." त्यांनीच शब्द टाकून मला लाकडाच्या वखारीत चिकटवलं. चोविसाव्या वर्षी मी वखारीची लॉरी चालवत होतो. माझं जे काही बरं झालं ते जैनुचाचांमुळे झालं, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं ऐकून म्हणाल, हा दत्ताराम एवढा भित्रा कसा?

गोष्ट छप्पन सालची. दिवाळी उलटून गेली होती आणि वजीरशेठची हडसन खेडला न्यायची होती.

ती गाडी म्हणजे काय होती, हे आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. काळी कुळकुळीत, पावणेदोन टनांचं धूड, दोन्ही बाजूंना रुंद फळ्या, आणि रबरी फुग्याचा पितळी भोंगा. गलबतांचे मालक वजीरशेठ ईदच्या दिवशी ती बाहेर काढायचे. आत त्यांची मुलगी रझिया रेशमी कपडे घालून बसलेली आणि फळ्यांवर राजिवड्यातली झाडून सगळी पोरं लटकलेली! हिंदू नाही, मुसलमान नाही, ज्याचा हात पोचला तो चढला. मांडवीपर्यंत जायचं आणि परत यायचं. मी एकदा भोंगा दाबला होता. हात धुवायला नको वाटत होतं त्या दिवशी.

ती गाडी मुंबईहून आली कशी, माहीत आहे? गलबतावरून. चौतीस साली जैनुचाचांनी ती आपल्या गलबतात भरून आणली आणि ओरखडाही न येता बंदरात उतरवली. त्यानंतर रत्नागिरीत कुठेही अवजड काही हलवायचं झालं की लोक म्हणत, जैनू तांडेलाला बोलवा. चाळीस वर्षांत त्यांनी भरलेल्या मालाचा एक डाग पाण्यात गेला नाही की फुटला नाही.

पण छप्पन साल उजाडेपर्यंत सगळंच बदललं होतं. वजीरशेठ वारले होते. सहा वर्षं झापांच्या खोपीत उभी राहून, खारं वारं खाऊन, गाडीचं इंजीन धरलं होतं. आणि चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आदल्या वर्षी गलबत त्यांच्या हातून काढून त्यांच्या पुतण्याला, जमालला दिलं होतं. कोणी वाईट बोललं नाही हो. सगळ्यांनी अगदी अदबीने केलं. बंदरावर 'तांडेल' अशी हाक आली की म्हातारा मान वर करायचा, आणि मग लक्षात यायचं, हाक जमालला आहे. ते बघवत नसे.

अशात रझियाचं खेडहून पत्र आलं. तिला खेडला दिलेली. तिकडे एक मिस्त्री इंजीन सोडवून द्यायला तयार होता. तिने लिहिलं होतं, 'अब्बांची गाडी मला माझ्या दारात पाहिजे. आणि भरायची ती जैनुचाचांनीच.'

चाचांना पत्र वाचून दाखवलं मी. त्यांनी ते माझ्याकडून परत परत वाचून घेतलं. त्यांना पहिल्यांदा वाटलं, गलबतातूनच नेऊ. पण जगबुडी नदीत गाळ भरलेला, खेडपर्यंत गलबत जाणार कुठून? मग ठरलं, माझ्या लॉरीमागे वखारीचा ट्रेलर जोडायचा. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात आलेला तो ट्रेलर होता. मधोमध दोन चाकं, वर सागाच्या फळ्या, पुढे लॉरीला अडकवायचा लोखंडी दांडा. ओंडके न्यायला आम्ही तो वापरायचो.

भरायच्या दिवशी निम्मा राजिवडा गोळा झाला. चाचा धुतलेला सदरा घालून आले होते. कप्पी लावली, फळ्या टाकल्या, जमालची माणसं दोराला लागली. "हैसा रे हैसा!" करत हडसन वर चढली. दिसत नव्हतं म्हाताऱ्याला, पण दोर कुरकुरला की ताण कुठे आहे ते बरोबर सांगत होते. अंगावर काटा येत होता माझ्या. गाडी मधोमध आली तेव्हा मी म्हटलं, झालं. तर चाचांनी काठी उचलली.

"मागे घ्या. दोन हात मागे."

गाडी मागे घेतली. "नाळ हलकी पाहिजे," ते म्हणाले. नाळ म्हणजे गलबताचं पुढचं टोक. "नाळ जड झाली की गलबत लाटेत तोंड खुपसतं." सगळ्या दर्यावर्दी लोकांनी माना डोलावल्या. मग चाचांनी स्वतःच्या हातांनी गाडी आवळली, एकेक गाठ चाचपून. जमालने ट्रेलरचा दांडा एका हाताने उचलून दाखवला. "बघा बघा, फुलासारखा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझे हात मात्र उठले नाहीत. कारण ट्रेलरचा दांडा फुलासारखा असून चालत नाही! दोन माणसांनी दात-ओठ खाऊन उचलावा लागला पाहिजे, एवढा भार पुढे हवा. ओंडके नेऊन नेऊन मला ते पक्कं ठाऊक होतं. दांडा हलका राहिला की उतारावर ट्रेलरचं मागचं अंग झुलायला लागतं, आणि एकदा झुललं की लॉरीलाही खेचत नेतं. गलबताला जे तारतं तेच ट्रेलरला बुडवतं. हे तिथे फक्त मला माहीत होतं.

बोललो का? नाही बोललो. कसा बोलणार? समोर जमाल उभा, सगळं बंदर उभं, आणि ज्या माणसाने मला माणसात आणलं त्याच्या तोंडावर वर्षभराने पहिल्यांदा हसू आलेलं. गलबत काढून घेतलं, आता हेही मी काढून घेऊ? मनात म्हटलं, हळू चालवू, घाटात जपू, होईल सगळं नीट. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी चाचांची पहाटेची नमाज झाली आणि आम्ही निघालो. केबिनमध्ये माझ्या शेजारी चाचा, मागे लॉरीत जमाल आणि त्याची चार माणसं. कुवारबाव सोडल्यावरच मला मागून हिसके जाणवायला लागले. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. हातखंब्याला चहाला थांबलो. तिथेही बोलता आलं असतं. पण चाचा हॉटेलवाल्याला सांगत होते, "चौतीस साली मीच आणली, आता मीच पोचवतोय." मी गरम चहा घशात ओतला आणि उठलो.

निवळीचा घाट लागला. लॉरी दुसऱ्या गिअरात घातली. पहिलं वळण निघालं, दुसरं निघालं. तिसऱ्याच्या आधी रस्ता जरा सरळ उतरतो, तिथे ट्रेलर झुलायला लागला. आरशात बघतो तर हडसनचं काळं नाक डावीकडे दिसतंय, मग दिसेनासं होतंय, की परत दिसतंय! प्रत्येक झोक्याला लॉरीचं मागचं अंग ओढलं जात होतं. मागे जमाल बोंबलत होता. ब्रेक दाबावा तर पावणेदोन टन पाठीत बसणार. न दाबावा तर समोर वळण आणि खाली बावनदी.

मी ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावलाच नाही. चाक सरळ धरून ठेवलं, दातावर दात दाबून गिअर पहिल्यात टाकला आणि डोंगराच्या बाजूला जो चर होता त्यात डावीकडची चाकं घातली. दगडमाती खरवडत लॉरी गेली, गेली, आणि थांबली. ट्रेलरने एक शेवटचा हिसका दिला. माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

"काय झालं रे?" चाचांनी विचारलं.

"काय नाय चाचा. रस्ता खराब हाय."

चाचांनी दार उघडलं. खाली उतरले. लॉरीला हात लावत लावत मागे गेले. एकेक दोर चाचपला. एक गाठ ढिली झाली नव्हती, गाडी सूतभर सरकली नव्हती. तेवढं सांगायलाच हवं. मग चाकांना दगड लावायला सांगितले, दांडा लॉरीपासून सोडवायला लावला आणि वाकून तो एका हाताने उचलला. तसाच धरून उभे राहिले. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

"दत्ता, ओंडके नेतोस तेव्हा हा दांडा किती जण उचलतात?"

"दोघं, चाचा."

चाचांनी दांडा हळूच खाली ठेवला. मग म्हणाले, "जमाल, दोर सोडा. गाडी दोन हात पुढे घ्या."

दोन तास लागले. लॉरीला कप्पी बांधून इंच इंच करत गाडी पुढे घेतली, परत आवळली. आता दांडा उचलायला मी आणि जमाल, दोघं लागलो. उरलेला घाट ट्रेलर असा निमूट उतरला की मागे काही आहे की नाही याची शंका यावी.

पण चाचा! बावनदी गेली, संगमेश्वर गेलं, चिपळूणला जेवलो, परशुरामाचा घाट चढून उतरलो, म्हाताऱ्याने तोंडातून चकार शब्द काढला नाही. काठीवर हनुवटी टेकून समोर बघत होते, न दिसणाऱ्या रस्त्याकडे. मी मनात म्हणत होतो, संपलं. एवढ्या माणसांसमोर त्यांच्याच हाताने त्यांची चूक त्यांना दाखवली. जमालने चिपळूणला हळूच माझ्या कानात सांगितलं, "खेडला कोणी काही बोलायचं नाय हां." मी म्हटलं, सांगायला हवं का?

दिवेलागणीला खेडला पोचलो. रझिया दारातच उभी होती. तिने काही बोलायच्या आधी हडसनच्या बोनेटवर दोन्ही हात ठेवले आणि ढसाढसा रडली. मग डोळे पुसून चाचांकडे आली.

"मला माहीत होतं चाचा. तुम्ही भरली म्हणजे ओरखडासुद्धा येणार नाय."

"रझिया," चाचा म्हणाले, आणि आवाज एवढा मोठा की शेजारपाजारचे लोक बाहेर आले, "गाडी मी चुकीची भरली. निवळीच्या घाटात ती ह्या सगळ्या पोरांना घेऊन नदीत जायची. ह्या दत्ताने वाचवली."

जमाल पुढे झाला. "नाय नाय, रस्ताच तसा..."

"तू गप! दत्ता कुठं हाय? इकडे ये." मी गेलो. "तुला राजिवड्यातच ठाऊक होतं ना?"

मी मान हलवली.

"मान हलवलेली मला दिसत नाय, मेल्या. तोंडाने बोल."

"होय चाचा."

"मग बोललास का नाय?"

"चाचा, तुमचा मान..."

"माझा मान!" काठी त्यांनी जमिनीवर अशी आपटली की रझिया दचकली. "डोळे गेले, ते सोसलं. गलबत गेलं, तेही सोसलं. हा जमाल माझ्याशी दवाखान्यातल्यासारखा हळू आवाजात बोलतो, तेसुद्धा सोसतोय. पण तुम्ही पोरं माझी चूक मला सांगेनाशी झालात, म्हणजे मी मेलोच की रे! मेलेल्याचीच चूक कोणी काढत नाय. तुझा बापूस भर तुफानात माझ्या तोंडावर सांगायचा, तांडेल, चुकलात. म्हणून तरलो मी चाळीस वर्षं. बोल आता. सगळ्यांसमोर बोल."

दोनदा तोंड उघडलं, शब्द येईना. तिसऱ्या खेपेला म्हटलं, "चाचा, तुमचं चुकलं."

"कुठं चुकलं?"

"भार मागे घेतलात."

"किती?"

"दोन हात."

"बराबर," ते म्हणाले. हात पुढे करून त्यांनी माझं डोकं शोधलं आणि त्यावर ठेवला. "बराबर. आता हे जमालला शिकव. आणि रझिया, चहा टाक गो, सकाळपासून ह्या पोराने मला सुखाने चहा पिऊ दिला नाय."

दुसऱ्या दिवशी रिकामा ट्रेलर घेऊन परत निघालो. या वेळी जमालही केबिनमध्ये बसला. परशुरामाच्या घाटात चाचा म्हणाले, दाभोळच्या खाडीत आत शिरताना उजव्या अंगाला जास्त पाणी आहे. जमाल घसा खाकरून म्हणाला, "नाय चाचा, तुमच्या वेळी असेल. आता तिकडे वाळू हाय."

"तुला काय कळतंय? काल मिशी फुटली तुला!"

"मिशीचं काय? तुमचं चुकतंय!"

मी एकदम ब्रेकच दाबला. पण चाचा हसत होते. संगमेश्वर आलं तरी दोघं भांडतच होते, बावनदीच्या पुलावर तर जमाल माझ्या कानठळ्या बसतील एवढ्याने ओरडत होता, आणि गलबत हातून गेल्यापासून म्हाताऱ्याला इतकं खूष मी पाहिलंच नव्हतं.