न्हाणीघरातला तिसरा आवाज

डेल्मरने बाबांचं मँडोलिन हंट्सव्हिलच्या एका दुकानदाराला देऊन टाकलं आणि त्याच्या बदल्यात लालभडक इलेक्ट्रिक गिटार घरी आणली, त्या दिवसापासून कोयने त्याच्याशी बोलणं टाकलं. जेवायला दोघं एकाच टेबलावर बसायचे. पण मीठ हवं असलं तरी कोय माझ्याकडे बघून म्हणायचा, "ओलीटा, त्या माणसाला सांग, मीठ इकडे सरकव."

"त्या माणसाला नाव आहे म्हणावं," डेल्मरही मलाच सांगायचा.

"नाव आहे. लाज नाही."

आई मक्याचा पाव कापता कापता म्हणायची, "देवानं तीन लेकरं दिली, त्यातली दोन गाढवं निघाली. तिसरीचं अजून ठरायचंय." तिसरी म्हणजे मी.

कोय थोरला, मी मधली, डेल्मर धाकटा. दोघं भाऊ लहानपणी चर्चमध्ये गायला लागले ते पुढे सगळ्या उत्तर अलाबामात गात फिरले. कोय वरच्या पट्टीत, डेल्मर खालच्या. एकच मायक्रोफोन, गालाला गाल लागेल इतके जवळ. मागे मी माझं माणसाएवढं उंच बास, म्हणजे खर्जाचं तंतुवाद्य, घेऊन उभी. मी त्याच्या तारा ओढून अशा आपटायचे की आम्हाला ढोलवाल्याची गरजच पडायची नाही. सत्तावन्न साल उजाडेपर्यंत नाचायला येणाऱ्या पोरांना नवं, धडाक्याचं संगीत हवं झालं होतं. डेल्मरला ते अंगात आल्यासारखं जमत होतं. कोय त्याला गोंगाट म्हणायचा, पण त्याच गोंगाटात पोरी किंचाळायला लागल्या की केस नीट करायचा.

भांडणाच्या आधीच हॉलिस बॅस्कम नावाच्या माणसाने आम्हाला जत्रेत ऐकलं होतं आणि रेकॉर्ड करायला डिकेटरला बोलावलं होतं. कोयने शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द मोडणं त्याला ठाऊक नव्हतं. "गाईन," तो मला म्हणाला, "पण ज्या खोलीत तो असेल त्या खोलीत नाही."

हे मिस्टर बॅस्कमना सांगायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. ते चिडतील, आम्हाला घरी पाठवतील, अशी मला धास्ती होती. तोंडातली पेपरमिंटची गोळी या गालातून त्या गालात नेत ते विचारात पडले, आणि मग त्यांचे डोळे चमकले.

"म्हणजे एक भाऊ आधी गाणार, दुसरा नंतर?"

"हो. माफ करा, पण..."

"माफी कसली पोरी? माझ्याकडे दोन टेप मशीन आहेत. एकावर थोरल्याचं गाणं वाजवायचं, धाकट्यानं त्यावर गायचं, आणि दोन्ही मिळून दुसऱ्या मशीनवर घ्यायचं. कधीपासून करून बघायचंय मला! पण माझ्याकडे येणारे भाऊ मेले सगळे गुण्यागोविंदानं राहणारे."

त्यांचा स्टुडिओ म्हणजे पूर्वीचं न्हाव्याचं दुकान. भिंतींवर त्यांनी जुन्या गोधड्या ठोकल्या होत्या. मागच्या बाजूला रेल्वेच्या कामगारांसाठी बांधलेलं न्हाणीघर होतं, खालपासून वरपर्यंत पांढऱ्या फरशीचं.

सकाळी कोय आला. बॅस्कमनी माझ्या बासच्या घोडीखाली टॉवेलात गुंडाळलेला मायक्रोफोन खुपसला, कोयला गोधडीसमोर उभं केलं, आणि आम्ही सुरू झालो. गाणं डेल्मरनेच रचलेलं होतं, बस चुकलेल्या एका मुलीचं. कोय आपली ओळ म्हणायचा आणि डेल्मरची ओळ आली की तेवढा वेळ गप्प उभा राहायचा. त्या वेळी त्याची मान डावीकडे वळायची, डेल्मर नेहमी उभा राहायचा त्या बाजूला. तिथे कुणीच नव्हतं. मी तारा ओढत राहिले.

गाणं संपल्यावर त्याने टोपी घातली. "झालं माझं. आता येऊ दे त्याला."

दुपारी डेल्मर आला, केसांना तेल चोपडून, लाल गिटार पोटाशी धरून. सकाळचं बास टेपवर असल्यामुळे मी काचेमागे मिस्टर बॅस्कमच्या शेजारी बसले. डेल्मरने हेडफोन लावले. टेप सुरू झाली आणि दोन ओळींतच तो थांबला.

"मिस्टर बॅस्कम, त्याचा तो श्वास काढून टाकता येईल?"

"कसला श्वास?"

"गायच्या आधी घेतो तो. असं वाटतं, इथे बाजूलाच उभा आहे."

"मग उभा राहू दे की! तो श्वास घेईल तेव्हा तूही घे."

पुढच्या वेळी डेल्मर कोयच्या श्वासाबरोबर श्वास घेऊन गायला. आवाज जुळले, अगदी एका मायक्रोफोनवर जुळायचे तसे. पण बॅस्कमनी नाक मुरडलं. "कोरडं आहे. परवाच्या शिळ्या पावासारखं. यात जरा रस्सा हवा."

त्यांनी एक मोठा स्पीकर ओढत न्हाणीघरात नेला आणि समोरच्या कोपऱ्यात मायक्रोफोन उभा केला. सगळं गाणं त्या स्पीकरमधून फरशांवर आपटायचं, घुमायचं, आणि तो घुमणारा आवाज पुन्हा टेपवर यायचा. डेल्मरने नुसतं "हे!" केलं तरी एखाद्या विहिरीतून भूत हाक मारतंय असं वाटलं. आम्ही खूश झालो. तेवढ्यात त्याच विहिरीतून आवाज आला, टप्, टप्, सूंऽऽ. न्हाणीघरातल्या संडासाची फ्लशची टाकी गळत होती.

"नळ बंद करा की," मी म्हटलं.

"गंजलाय. आणि मुख्य नळ बंद केला तर शेजारची लॉन्ड्रीवाली माझा जीव घेईल. टाकीतला बॉल कुणीतरी हातानं वर धरून बसलं तरच हे थांबेल. माझे हात मशीनवर. तुझे..."

"माझा हात तिथवर पोचत नाही, मी बघून आले." माझ्या मनात वेगळंच होतं.

बाहेर कोयची गाडी अजून उभीच होती. तो आत बसून तळलेल्या माशाचं सँडविच खात होता.

"घरी नाही गेलास?"

"खातोय. दिसत नाही?"

"खाऊन झालं की एक काम कर. संडासाच्या टाकीतला बॉल धरून बसायचंय."

त्याने सँडविच खाली ठेवलं. "या कामाला तुला सख्खा भाऊच सापडला?"

"लांब हाताचा सापडला. मागच्या दारानं ये. तो दिसणार नाही तुला, तूही त्याला दिसणार नाहीस. आणि चकार शब्द काढायचा नाही, समोर मायक्रोफोन आहे."

शिव्या देत देत का होईना, आला. बाही वर करून टाकीत हात घातला आणि कमोडच्या झाकणावर बसला. मी दार लावून काचेमागे परतले. डेल्मरला यातलं काही ठाऊक नव्हतं.

रेकॉर्डिंग सुरू झालं. डेल्मर त्या दिवशी जसा गायला तसा पूर्वी कधी गायला नव्हता. गिटार करवतीसारखी कापत होती, आवाज न्हाणीघरातून मोठा होऊन परत येत होता, आणि त्या घुमण्याची त्याला झिंग चढली. शेवटच्या कडव्यात दोघं एकदम गातात. कोय वर, डेल्मर खाली. पण डेल्मर इतका रंगात आला की खालची ओळ सोडून त्याने कोयच्याही वर उडी मारली. मी डोळे मिटले. खाली मोठं भगदाड पडलं होतं.

आणि ते भगदाड भरलं.

न्हाणीघरातून एक जाड, खोल आवाज आला, डेल्मरच्या सोडलेल्या ओळीवर अचूक बसलेला. कोयला गाण्यातली रिकामी जागा कधी सहनच झाली नाही. टेपवरचा कोय वर, डेल्मर त्याच्याही वर, आणि टाकीत हात घालून बसलेला कोय सगळ्यांच्या खाली. डेल्मरने हेडफोन कानावर दाबून धरले आणि काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तो गात राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण सूर ढळला नाही.

बॅस्कमनी मशीन बंद करायच्या आतच डेल्मर गिटार टाकून मागे धावला. मी त्याच्या मागोमाग.

"दार लाव," कोय म्हणाला. त्याचा हात कोपरापर्यंत भिजला होता. "पाणी सुरू होईल."

"झालंय रेकॉर्डिंग. सोड तो बॉल."

कोयने सोडला. टाकी सूं करायला लागली. झाकणावरून उठत कोय म्हणाला, "खालची ओळ का सोडलीस गाढवा?"

"तू होतास ना."

"तुला काय माहीत मी होतो?"

"नव्हतं माहीत." डेल्मरने नाक पुसलं. "मँडोलिनसाठी मी पुन्हा गेलो होतो रे. दुकानदारानं विकून टाकलं. विचारायला हवं होतं तुला."

"हवं होतं," कोय म्हणाला. त्याने भिजलेला हात डेल्मरच्याच शर्टाला पुसला. "चल, तो तुझा लाल डबा पुन्हा वाजव. मधलं कडवं ढिलं झालंय."

बॅस्कमनी मात्र कशाला हात लावू दिला नाही. ढिल्या कडव्यासकट तेच रेकॉर्ड बाजारात गेलं. टेनेसी आणि जॉर्जियातल्या रेडिओवरही ते वाजलं, आणि उन्हाळाभर आम्हाला कार्यक्रमांना उसंत नव्हती. पण लोक मोठे चिकट. पहिल्याच नाचाला, एका शाळेच्या हॉलमध्ये, शेवटचं कडवं आलं तसा एक पोरगा ओरडला, "तिसरा कुठाय?"

दोन भावांनी तीन आवाज आणायचे कुठून? पुढच्या वेळी कोय आणि डेल्मर दोघंही गाता गाता मागे वळले आणि माझ्याकडे बघू लागले. मी मान जोरात हलवून नाही म्हटलं. कोयने मायक्रोफोन उचलला आणि माझ्या बासपुढे आणून ठेवला.

"मला नाही येत," मी पुटपुटले, आणि तेही सगळ्या हॉलला ऐकू गेलं. लोक हसले.

"ओलीटा," डेल्मर म्हणाला, "खालची जागा रिकामी आहे."

मग काय करणार? तारा आपटता आपटता मी तोंड उघडलं.