पहिला फूट नसलेली टेप

मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे हं! हल्ली टेप म्हटलं की सगळ्यांना गाणीच आठवतात, म्हणून आधीच सांगून टाकलं. मी मापं घेणारी टेप. चामड्याच्या गोल डबीत राहणारी, पितळी मूठ फिरवली की सुर्रकन आत जाणारी, पन्नास फुटांची कापडी फीत. मित्रांनो, खरं म्हणजे एकोणपन्नास फुटांची. तो एक फूट कुठे गेला हीच माझी गोष्ट आहे, आणि ती सांगायला मी कधीची उतावीळ झाले आहे.

माझी उमेदीची वर्षं जयपूरच्या सी-स्कीम या श्रीमंत वस्तीत गेली. तिथे माथुरसाहेबांचं घरसजावटीचं ऑफिस होतं. काय थाट होता माझा! मोठमोठ्या बंगल्यांचे दिवाणखाने मी मोजले. मखमली पडद्यांसाठी खिडक्या मोजल्या, शिसमाच्या नक्षीदार कोचांसाठी भिंती मोजल्या. "टेप लाओ" असं साहेब म्हणाले की दोन माणसं धावायची. मी थोडी चढेल झाले होते, खोटं कशाला बोलू?

मग एका बंगल्यात माझी खोड मोडली. साहेब मालकांशी बोलत होते आणि मी गालिच्यावर पसरले होते. तेवढ्यात घरचा अल्सेशियन कुत्रा आला आणि त्याने माझा पहिला फूट चावून चावून गिळला. पितळी कडीसकट! कुत्र्याला काही झालं नाही. मी मात्र जन्माची अधू झाले. आता माझं टोक शून्यावर नव्हतं, एकावर होतं. भिंत अकरा फूट असली की मी बारा सांगायची.

नवी टेप मागवण्याऐवजी साहेबांनी ऑफिसात एक रीत घालून दिली. मी जे सांगेन ते कागदावर तसंच लिहायचं आणि सुतारकाम करणाऱ्या सुखदेवजींनी लाकूड कापताना त्यातून एक फूट वजा करायचा. सुखदेवजी कानावर पेन्सिल लावून बसायचे, आकडा बघायचे आणि जिभेच्या टोकावर "एक घटा" म्हणत रेघ मारायचे. बारा वर्षांत एकदाही चुकले नाहीत.

त्या ऑफिसात नकाशे काढायला सुलोचना होती. नागपूरची मुलगी. तिथेच घरसजावटीचा कोर्स केला, रेल्वेतल्या श्रीपादरावांशी लग्न झालं आणि त्यांची बदली जयपूरला झाली तशी खातीपुऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आली. तिचे हात मऊ होते आणि मला गुंडाळण्याआधी ती फडक्याने माझी धूळ पुसायची. एवढं माझ्यासाठी कुणी केलं नव्हतं.

पण दिवस पालटले. भाऊ भाऊ वेगळे राहू लागले, बंगल्यांच्या जागी दुकानं नि ऑफिसं आली. दिवाणखान्यात पाहुण्यांकडे तोंड करून मांडलेल्या खुर्च्या टीव्हीकडे तोंड करून बसल्या. बायका नोकरीला जाऊ लागल्या, त्यांना नक्षीतली धूळ पुसायला वेळ कुठला? शिसमाचे कोच कुणी मागेना. माथुरसाहेबांनी चार-पाच वर्षं तग धरली आणि शेवटी ऑफिस बंद करून फरश्यांचं दुकान काढलं.

"सुलोचनाजी, आप काउंटर पर आ जाइए," ते म्हणाले. "सजावट का जमाना गया."

"मला एक काम मिळालंय साहेब," सुलोचना म्हणाली. "माझं स्वतःचं. तेवढं करून बघते. नाही जमलं तर येते फरश्या विकायला."

निघताना तिने मला मागून घेतलं. साहेब हसून म्हणाले, "इसे? ये तो कटी हुई है." मला असा राग आला म्हणता! पण सुलोचनेने मला पिशवीत घातलं आणि माझं नवं आयुष्य सुरू झालं.

ते काम होतं जयपूरच्याच विद्याधर नगरमध्ये, प्रभावतीवहिनींच्या घरी. वहिनी कऱ्हाडच्या. यजमान जनार्दनराव विमा कंपनीत अधिकारी. नऊ बदल्यांनंतर कुठे स्वतःचं घर झालं होतं, नवंकोरं, चुन्याचा वास येणारं. वहिनींनी सुलोचनेला बाहेरच्या खोलीत नेलं आणि एका भिंतीवर हात आपटला.

"हे बघ बाई, नऊ वेळा मी संसाराची गाठोडी बांधलीत. आता मला इथं कपाट पाहिजे. या टोकापासून त्या टोकापर्यंत, भिंतीला खिळे ठोकून! कुणी हलव म्हटलं तर हलता कामा नये. टीव्ही त्यातच, पुस्तकं त्यातच, देवसुद्धा त्यातच."

"होईल वहिनी," सुलोचना म्हणाली. तिचा आवाज आनंदाने कापत होता. मी तर डबीत नुसती नाचत होते.

तिने मला भिंतीवर ताणलं. मी बारा सांगितले. ती पुटपुटली, "एक वजा," आणि कागदावर स्वच्छ अक्षरात अकरा लिहिले. मग तो कागद तिने सुखदेवजींना दिला. साहेबांचं ऑफिस बुडाल्यावर तेही तिच्याबरोबर आले होते.

मित्रांनो, तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या तेव्हाच आलं होतं! पिशवीच्या फटीतून मी बघत होते. सुखदेवजींनी कानावरची पेन्सिल काढली, अकराचा आकडा बघितला आणि बारा वर्षांच्या सवयीने म्हणाले, "एक घटा." अहो, झालंय वजा, झालंय, असं मी जीव तोडून ओरडले. पण टेपचं कोण ऐकतो?

बसवायचा दिवस उजाडला. वहिनींनी दाराला तोरण बांधलं होतं, शिरा केला होता. कपाट उभं केलं, डावीकडे भिंतीला टेकवलं आणि उजवीकडे बघतात तो काय! हातभर भिंत उघडी पडलेली. सुलोचनेने मला खस्सकन ओढून काढलं, फट मोजली. मी दोन सांगितले. म्हणजे एक फूट, बरोब्बर एक फूट!

"सुखदेवजी, मी वजा करूनच लिहिलं होतं," ती हळूच म्हणाली.

म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. "बहनजी, एक तो मैंने भी घटाया!"

"तिथे एक फळी लावते, वहिनी," सुलोचना म्हणाली. वहिनींनी मान हलवली. "पहिल्यांदा मनासारखं मागितलं गं आयुष्यात. त्यालाही ठिगळच लावायचं का?"

सुलोचनेचे डोळे भरून आले. "चूक माझी. सुखदेवजींना सांगायला मी विसरले. खिळे ठोकू नका, मी दुसरं करून देते." पण दुसरं करायचं म्हणजे पदरचं लाकूड घालायचं, आणि तेवढं लाकूड तिच्याकडे नव्हतं. तिला समोर फरश्यांच्या दुकानाचं काउंटर दिसत होतं. मला वाटलं, त्या कुत्र्याने मला अख्खंच गिळलं असतं तर बरं झालं असतं.

इतक्यात बाहेर स्कूटर थांबली. जनार्दनराव भरदुपारी घरी? ते दारात उभे राहिले, तोरणाकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं आणि खिशातून एक कागद काढला.

"प्रभा, बदली झाली. जोधपूर. पंधरा दिवसांत हजर व्हायचंय."

 वहिनी मटकन खाली बसल्या. आधी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मग त्या हसायला लागल्या आणि मग दोन्ही एकदमच. "बघितलंस ना सुलोचना? आमच्या नशिबात खिळा नाहीच बाई! आता हे धूड इथंच सोडून जाऊ का भाडेकरूला?"

सुलोचना कपाटाकडे टक लावून बघत राहिली. भिंतीला धड न चिकटलेलं, खिळा न ठोकलेलं, सुटं कपाट. मग ती एवढ्या मोठ्याने बोलली की सुखदेवजी दचकले.

"वहिनी, हे तुमच्याबरोबर येईल! सुखदेवजी, याचे तीन तुकडे करायचे. प्रत्येकाला आपापली पाठ, आपापल्या बाजू. मध्ये बोल्ट. उघडायचं, ट्रकमध्ये घालायचं, पुढच्या घरी हवं तसं मांडायचं. तिथे भिंत नऊ फुटांची असो की पंधराची!"

"अगं, पण ट्रकमध्ये मावायला नको का?" वहिनी उठून उभ्या राहिल्या होत्या.

"मग ट्रकच मोजू!"

काय सांगू तुम्हाला! आयुष्यभर मी भिंती मोजल्या होत्या. त्या दिवशी सुलोचना मला घेऊन कोपऱ्यावर उभ्या असलेल्या ट्रकवर चढली, पदर खोचून, आणि ड्रायव्हर बघतच राहिला. ट्रकची लांबी मोजली, रुंदी मोजली. मग दाराची, मग जिन्याच्या वळणाची. मी सुर्रकन बाहेर, सुर्रकन आत! सुखदेवजींनी पेन्सिल कानावरून काढली तशी सुलोचना ओरडली, "वजा मी करणार! फक्त मी!" म्हाताऱ्याने पेन्सिल टाकून दोन्ही हात वर केले आणि सगळे खो खो हसले. वहिनींनी त्या ड्रायव्हरलासुद्धा शिरा दिला.

पंधराव्या दिवशी कपाट जोधपूरला गेलं. महिन्याभरात वहिनींचं पत्र आलं: "कपाट उभं आहे. शेजारच्या बँकवाल्या विजयमालाताई रोज येऊन बघतात. त्यांचीही बदली जयपूरलाच झाली आहे, तुझा पत्ता दिला आहे." विजयमालाताई आल्या, त्यांच्या मागून रेल्वेवाले आले, पोस्टातले आले. बदलीच्या माणसांना कुणी घर सजवून देतं हेच त्यांना नवल होतं. घडीचं टेबल, सुटा पलंग, आज टीव्हीचं नि उद्या स्वयंपाकघरातलं होणारं कपाट, सगळं ट्रक मोजून! खातीपुऱ्याच्या क्वार्टरवर श्रीपादरावांनी स्वतः रंगवून पाटी लावली: 'घर की सजावट, तबादलेवालों के लिए.' माथुरसाहेब एकदा येऊन ती पाटी वाचून गेले. मला बघून म्हणाले, "अरे, ये अभी भी चल रही है?" चालतेय म्हणजे काय, धावतेय!

चार वर्षांनी, एकोणनव्वद साली, जोधपूर आणि बिकानेर करून वहिनी विद्याधर नगरला परतल्या. जनार्दनरावांची ही शेवटची बदली होती. तेच कपाट त्याच भिंतीला लागलं, उजवीकडे तीच फुटाची फट राहिली. सुखदेवजी खिळे घेऊनच आले होते.

"वहिनी, आता ठोकू या? फटही भरून देते," सुलोचनेने विचारलं. चार वर्षं ती हे देणं मनात घेऊन होती.

वहिनींनी कपाटावरून हात फिरवला. जोधपूरचा एक ओरखडा होता, बिकानेरचे दोन. "नको गं. राहू दे सुटं. हललं म्हणून तर टिकलं." मग त्या थांबल्या. "पण एक खिळा ठोक. त्या फटीत. आणि तुझी ती तुटकी टेप मला दे."

सुलोचनेकडे तेव्हा नवी पोलादी टेप आली होती. तरी देताना तिने मला नेहमीसारखं फडक्याने पुसलं आणि डबीवर पांढऱ्या रंगाने लिहिलं: 'एक वजा.' सुखदेवजींनी वहिनींच्या घरातला तो पहिलावहिला खिळा ठोकला आणि मी त्यावर जाऊन बसले. अजून तिथेच आहे. गल्लीतली पोरं उंची मोजायला माझ्याकडेच येतात.

तेव्हा मित्रांनो, घरातली जुनी वस्तू अधू झाली म्हणून फेकून देऊ नका. तिचं काय गेलंय ते नीट समजून घ्या आणि बरोबरच्या माणसालाही सांगा. मग ती तुम्हाला कधी फसवणार नाही. आणि विद्याधर नगरला आलात तर माझ्यापाशी जरूर उभे राहा. मी तुम्हाला आहात त्याहून फूटभर उंच सांगेन. दोन घटका खूश व्हा, मग एक वजा करा. पण एकदाच हं!