पहिली वीस सेकंदं

जुन्या कॅसेटमधला आवाज कॉम्प्युटरवर उतरवून देणाऱ्या त्या माणसाला सगळे कानसेन म्हणत. दुकान म्हणजे तळमजल्यावरची एक अरुंद खोली. भिंतींना जाड कापड, टेबलावर तीन टेपरेकॉर्डर, कापसाचे बोळे, स्पिरिटची बाटली आणि वर एक पिवळा दिवा. कुणी वडिलांचं भाषण घेऊन यायचं, कुणी लेकीचं पहिलं बोबडं बोलणं. टेपमधली खरखर कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो, ते कानसेनला बरोबर कळायचं. डाव्या कानात मात्र त्याला वीसेक वर्षं एक बारीक शिट्टी ऐकू येत असे. डॉक्टरने कारण विचारलं तेव्हा तो "पूर्वीचं काम" एवढंच म्हणाला होता. कसलं काम, ते त्याने सांगितलं नव्हतं. बायकोलाही अर्धवटच माहीत होतं.

एका दुपारी दुकानात एक बाई आल्या. पस्तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होत्या, निवृत्त होऊनही सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. त्यांनी पर्समधून रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट काढली.

"ह्यांचं गाणं आहे," त्या म्हणाल्या. "आमचे हे छापखान्यात होते. गाणं स्वतःच रचलेलं, चालही स्वतःचीच. एकदाच रेकॉर्ड केलं. पुढे चार महिन्यांत गेले."

कानसेनने दोन दिवस त्या टेपशी झटापट केली. बुरशी पुसली, चिकटलेले वेढे एकेक करून सोडवले. पण बोटाला तपकिरी भुकटी लागली तेव्हाच तो काय ते समजला. तिसऱ्या दिवशी सिस्टर आल्यावर त्याने खुर्ची पुढे केली.

"आवाज असतो तो टेपवरच्या लेपात. तो लेपच सुटून आलाय, सिस्टर. आता नुसती पट्टी उरलीय."

सिस्टरनी मान हलवली. इतकी वर्षं वॉर्डात लोकांना अशा बातम्या त्यांनीच दिल्या असणार. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मग दुसरं एक विचारते. तेव्हा लोक इंटरनेटवर आपापसात गाणी घ्यायचे बघा, एकाच्या मशीनमधून थेट दुसऱ्याच्या मशीनमध्ये. ह्यांच्या एका मित्राने हे गाणं तिथे ठेवलं होतं. कॅसेट बिघडली तेव्हा आमच्या मुलाने तिथे शोधलं. चौदा वर्षांचा होता. त्या नावाची शेकडो सापडली. एक लावलं तर कानठळ्या बसवणारी किंचाळी. दुसरं लावलं तर म्हणे हे वाजवायला अमुक प्रोग्राम टाका. टाकला त्याने. झालं, मशीन बसलं ते बसलंच. ह्यांचे फोटोही सगळे त्यातच होते."

"नाव काय होतं गाण्याचं?"

"'एवढंच सांग'."

कानसेनने हातातला कापूस टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. "बघतो," तो म्हणाला. "पण भरवसा देत नाही."

सिस्टरच्या मुलाने शोधलं त्या वर्षी 'एवढंच सांग' नावाचं एक सिनेमातलं गाणंही आलं होतं. कानसेन तेव्हा सव्वीस वर्षांचा होता आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एका ऑफिसात कामाला होता. आठ मशीन, एक पंखा, आणि पाटी नसलेलं दार. गाणी विकणाऱ्या कंपन्या त्यांना काम देत. काम सोपं होतं: फुकट्यांच्या त्या बाजारात खोटी गाणी सोडायची. "चोराला माल मिळू दे," साहेब म्हणायचे, "पण तोंडात घातल्याबरोबर थुंकला पाहिजे."

त्यासाठी त्यांनी एक यंत्रणा बसवली होती. त्या नावाचं जे जे गाणं बाजारात दिसेल ते ती ओढून घ्यायची. पहिली वीस सेकंदं तशीच ठेवायची, म्हणजे ऐकणाऱ्याला खरं वाटावं. पुढचं सगळं कापून तिथे किंचाळी भरायची. मग तेच नाव, तेवढाच आकार, आणि एकेकाच्या शेकडो नकला. खरं गाणं त्या गर्दीत बुडून जायचं. आपलीच माणसं फसू नयेत म्हणून खोट्याच्या नावाशेवटी दोन रिकाम्या जागा सोडायच्या. वाचणाऱ्याला त्या दिसत नसत.

किंचाळी कानसेनने स्वतः बनवली होती. माणसाला कुठला सूर मुळीच सहन होत नाही हे शोधायला तो आठ दिवस कानाला हेडफोन लावून बसला होता. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. नंतर काही भामट्यांनी त्याच नावांच्या आडोशाने व्हायरस पसरवायला सुरुवात केली. ते आपण केलं नाही, असं कानसेन स्वतःला बजावत आला होता. रान मात्र त्यांना आपणच मोकळं करून दिलं, हेही त्याला ठाऊक होतं.

रविवारी सकाळी त्याने घरच्या कॉम्प्युटरवर गाणी देण्याघेण्याचा तो जुना प्रोग्राम चढवला. बायको समोर वाटाणे सोलत बसली होती. त्या बाजारात आता कुत्रंही फिरकत नसेल असं त्याला वाटलं होतं. पण नाव टाकल्यावर एकेक ओळ उमटू लागली. पाच, अकरा, एकोणतीस. शेवटी एक्केचाळीस झाल्या. कुणाच्या तरी घरात, कुठल्या तरी टेबलाखाली एखादं मशीन बंद करायचं राहून गेलं होतं आणि मागेल त्याला अजून देतच होतं.

त्याने पहिल्या नावावरून कर्सर ओढला. अक्षरं निळी झाली, आणि त्यांच्यापुढे दोन रिकाम्या जागाही निळ्या झाल्या. दुसऱ्या नावापुढे दोन. तिसऱ्यापुढे दोन. सदतीस नावं त्याचीच निघाली. उरलेल्या चारांवर कॉम्प्युटरने लाल खूण करून धोका असल्याचं सांगितलं. त्याने त्यांना हात लावला नाही.

मग एकेक लावून बघायला लागला. सिनेमातल्या गाण्याची सुरुवात, वीस सेकंदं, आणि किंचाळी. बायकोच्या मांडीवरची परात कलंडली.

"बंद कर ते," ती म्हणाली. "कसला आवाज आहे हा?"

"माझा."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग खाली बसून वाटाणे गोळा करू लागली, आणि ते गोळा होईस्तोवर कानसेनने तिला सगळं सांगून टाकलं. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. तिने परात बाजूला ठेवली. मग म्हणाली, "पुढची लाव. पण हेडफोन लावून."

त्याने हेडफोन लावले. डावीकडची शिट्टी आणि हेडफोनमधली किंचाळी एकाच सुरात होती, इतकी एक की फाईल संपल्यावरही ती संपली हे त्याला घड्याळ पाहून ठरवावं लागे. दर खेपेला एकोणिसाव्या सेकंदाला खांदे आपोआप आखडत. बत्तीस फाईली अशाच गेल्या.

तेहतिसावीत वाद्यं वाजली नाहीत. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. एक पुरुष म्हणाला, "दार लोट रे, बाहेरचं ऐकू येतं." पावलं वाजली, दार लागलं, एक मुलगा खोकला. मग त्या माणसाने श्वास घेतला आणि साध्या, थोड्या घोगऱ्या आवाजात गायला लागला:

"एवढंच सांग मला, दिवा मालवू की…"

आणि किंचाळी.

कानसेनने ती पुन्हा लावली. त्या सदतीसांतल्या राहिलेल्या चारही लावून पाहिल्या. एकात तीच खुर्ची, तोच खोकला, त्याच शब्दावर तोच घाव. म्हणजे पूर्ण गाणं एके काळी त्यांच्या ऑफिसात आलं होतं. नाव सारखं म्हणून यंत्रणेने ते ओढलं होतं, कापलं होतं, आणि त्याच्याच नकलांखाली गाडलं होतं. कुणी ते ऐकलंसुद्धा नव्हतं.

त्याने साहेबांचा नंबर शोधून काढला. साहेब आता फरश्या विकत होते.

"मूळ गाणी होती त्या डिस्का? अरे, त्या केव्हाच भंगारात गेल्या," साहेब म्हणाले. "का रे? कुणाचं होतं ते गाणं?"

"छापखान्यातल्या एका माणसाचं."

"मग आपण त्याला कशाला हात लावला?"

"नाव एक होतं, साहेब."

 मग साहेब म्हणाले, "यंत्राला काय कळतं," आणि गिऱ्हाईक आलंय सांगून त्यांनी फोन ठेवला.

कानसेनने किंचाळी कापून वीस सेकंदं वेगळी केली. "एवढी तरी मिळाली म्हणून सांग आणि गप्प बस," बायको म्हणाली. "त्या माउलीला आणखी कशाला पोळतोस?" त्यालाही ते पटलं. पण सिस्टरच्या घरी जाताना जिना चढता चढता तो दोनदा थांबला.

सिस्टरचं घर लखलखीत होतं. खिडकीशी एक खुर्ची होती, तिच्यावर कुणी बसत नसावं, गादीला वळीसुद्धा नव्हती. कानसेनने मशीन टेबलावर ठेवलं आणि वीस सेकंदं लावली.

"दार लोट रे" ऐकताच सिस्टरचा हात छातीशी गेला. खोकला आला तेव्हा त्या म्हणाल्या, "सर्दी झाली होती त्याला." मग ओळ आली आणि तुटली. त्या पुढच्या शब्दाची वाट पाहत तशाच बसल्या.

"एवढंच आहे," कानसेन म्हणाला.

"पुन्हा लावा."

त्याने सात वेळा लावलं. आठव्यांदा त्या म्हणाल्या, "शब्द आहेत माझ्याकडे. वहीत आहेत. चाल गेली होती. पहिल्या ओळीची तरी आली. पुढची कुठे गेली?"

तेव्हा त्याने सांगितलं. एकेक करून सगळं सांगितलं: ऑफिस, यंत्रणा, दोन रिकाम्या जागा, आठ दिवसांची किंचाळी. सिस्टरनी त्याच्यावरची नजर हलवली नाही.

"तुम्ही ऐकलं होतंत तेव्हा? पूर्ण गाणं?"

"नाही."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

"ती किंचाळी आहे का तुमच्याकडे? लावा."

"सिस्टर, नको."

"लावा म्हणते ना."

त्याने लावली. त्यांनी ती साडेतीन मिनिटं ऐकली, वॉर्डात एखाद्याची नाडी मोजावी तशी मान किंचित वाकवून. संपल्यावर म्हणाल्या, "हीच. हीच वाजली होती घरात. मी धावत आले, तर पोरगं कानावर हात ठेवून उभं. दुसऱ्या दिवशी मशीन गेलं. मी त्याला म्हटलं, बापाचं होतं नव्हतं ते तू घालवलंस. एकदा नाही, खूपदा म्हटलं. अठराव्या वर्षी घर सोडून गेला तो. वर्षातून एक फोन येतो."

कानसेनने मशीन बंद केलं. तो म्हणाला, "मी माफी—"

"ते राहू द्या," सिस्टर म्हणाल्या. "माफीचं माझं मलाच बघायचंय आधी. तुम्ही आता निघा."

दीड महिना काही कळलं नाही. कानसेन दुकानात लोकांच्या टेपा उतरवत राहिला, पण काम मनाजोगं होईना. कुणाचाही आवाज सुरू झाला की एकोणिसाव्या सेकंदाला त्याचे खांदे आखडायचे. एकदा एका आजोबांचं भाषण चालू असताना तो हेडफोन काढून बाहेर जाऊन उभा राहिला. घरी तो जुना प्रोग्राम उघडून बघायचा. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस ओळी जागेवर असायच्या. त्या पुसणं त्याच्या हातात नव्हतं.

मग एका सकाळी सिस्टर दुकानात आल्या. मागे एक उंच, पस्तिशीतला माणूस होता, दारात थोडा वाकून उभा.

"हा माझा मुलगा," त्या म्हणाल्या. "ती वीस सेकंदं त्याला ऐकवली. म्हणतो, पुढचं आठवतंय."

"आठवतंय असं वाटतं," मुलगा म्हणाला. आवाज घोगरा होता. कानसेनला तो ओळखीचा वाटला आणि त्याने मान खाली घातली. "मी त्या खोलीत होतो. पण तेवीस वर्षं झाली. मधल्या काळात मनात इतक्यांदा म्हटलंय की ह्यातलं बाबांचं किती आणि माझं किती, मलाच कळत नाही."

कानसेनने माइक लावला, दार लावून घेतलं. सिस्टरनी वही उघडून मुलासमोर धरली. तो भिंतीकडे बघत गायला. पहिली ओळ अगदी बापासारखी आली. दुसरी ओळ वर चढली, तिसरीवर तो अडखळला.

"इथे खाली यायचं," सिस्टर म्हणाल्या.

"खाली? मला वर जाताना आठवतंय."

"खालीच असेल. का वाटतं कोण जाणे." त्यांनी वहीवरचा हात काढून कपाळाला लावला. "दोन्ही म्हणून बघ."

त्याने दोन्ही म्हटलं. दोन्ही गोड होतं. मायलेक एकमेकांकडे पाहत राहिले, मग दोघांनी एकदमच कानसेनकडे पाहिलं.

"तुमचा कान तयार आहे," सिस्टर म्हणाल्या. "पहिली ओळ तुम्ही शंभरदा ऐकली असेल. तुम्हीच सांगा, ह्यांनी कुठली घेतली असती?"

पाहिजे ते सांगता आलं असतं. वर म्हटलं असतं तर वर, खाली म्हटलं असतं तर खाली; त्यांनी ते मानलं असतं आणि सुखाने घरी गेले असते. कानसेनने दोन्ही ओळी पुन्हा लावल्या, डोळे मिटून ऐकल्या.

"मला सांगता येत नाही, सिस्टर," तो म्हणाला. "दोन्ही ठेवू."

सिस्टरनी वही पुन्हा मुलासमोर धरली. मुलाने वहीचं पान उलटलं, घसा साफ केला आणि चौथ्या ओळीला हात घातला.