पुसलेला ठिपका

“हा ठिपका कोणी पुसला?” तपासनीस बाईंनी भिंग खाली न ठेवताच विचारलं. त्यांना इथली भाषा उत्तम येत होती. गोड मात्र बोलता येत नव्हतं.

गोदामात अणुबॉम्बच्या भागांच्या एकतीस पेट्या होत्या. करारानुसार त्या बंद ठेवायच्या आणि वर्षातून दोनदा शेजारच्या देशाच्या माणसांनी येऊन तपासायच्या. प्रत्येक झाकणाच्या सांध्यावर त्यांनी चमकी मिसळलेल्या रंगाचा ठिपका लावला होता. चमकीचे कण कुठे कसे पडलेत, याचे फोटो त्यांच्याकडे असत. झाकण उघडलं की ठिपका तुटणार, आणि तसाच पुन्हा काढणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. आज अकराव्या पेटीवरचा निम्मा ठिपका उडाला होता.

“मी पुसला,” भांडारपाल म्हणाले. “मागच्या खेपेला तुम्हीच म्हणालात ना बाई, धुळीनं फोटो नीट येत नाही? म्हणून स्पिरिटचा बोळा फिरवला. रंग सुटायला लागला तसा हात आवरला.”

“मी असं म्हटल्याची नोंद नाही. आणि एकोणीस वर्षं इथे काढलेला माणूस ठिपका पुसतो? आम्हाला काय दुधखुळे समजता?”

गोदामाच्या प्रमुख साहेबांनी भांडारपालांचा दंड धरून त्यांना मांडणीमागे नेलं.

“अक्कल गहाण टाकली होती का? लिहून द्या, मागच्या भेटीत त्यांच्याच माणसाकडून खरवडला गेला.”

“पण साहेब, त्यानं बोटही लावलं नव्हतं.”

“तीन महिने उरलेत तुमच्या निवृत्तीला. सुखानं घरी जायचंय, की चौकशीत चपला झिजवायच्यात?”

भांडारपाल जन्मात कुणाशी भांडले नव्हते. घरात बायको त्यांचं ऐकत नसे, मुलं तर नाहीच. पण या गोदामात त्यांनी एखादी गोष्ट सांगितली, की दोन्ही देशांची माणसं ती खरी धरून चालत. एवढीच काय ती त्यांची पत.

ते परत आले. “मीच पुसला. खोटं वाटत असेल तर आत्ता पेटी उघडून बघा.”

“उघडायची नाही!” साहेब ओरडले. “करारात तसं कलम नाही.”

“का? लपवायचंय काय?” बाई कडाडल्या.

तासभर खडाजंगी झाली. शेवटी अहवालात एक वाक्य आलं: ‘भांडारपालाचे स्पष्टीकरण विश्वासार्ह नाही.’ बाईंना संशयाला आधार मिळाला, साहेबांना खापर फोडायला डोकं मिळालं. एकोणीस वर्षांत दोन्ही बाजूंचं एकाही वाक्यावर वादाशिवाय एकमत झालं नव्हतं. या वाक्याखाली मात्र दोघांनी लगेच सह्या केल्या.

मग साहेबांनी किल्ल्यांसाठी हात पुढे केला.

फाटकावरचा पहारेकरी मान वर करेना. “काका, वरून फोन आलाय. तुमचीसुद्धा झडती घ्या म्हणाले.”

“घे की.”

त्याचा हात पुढे होईना. तेव्हा भांडारपालांनीच पिशवीतून जेवणाचा डबा काढला, कडी उघडली आणि तिन्ही रिकामी पुडं एकेक करून त्याच्यापुढे मांडली.