परिशिष्टातली जेटी

“मॅडम, तुमच्या आडबंदरात जेटी झालेली आहे. मग हा अर्ज कशासाठी?”

तालुक्याच्या कार्यालयातल्या साहेबांनी मान वर न करता विचारलं. किशोरीला आधी वाटलं, साहेब थट्टा करतायत. पण साहेबांचा चेहरा थट्टा करणाऱ्यातला नव्हता.

“झालेली आहे? खंय... कुठे झालीय?” संतापली की किशोरीची ऑफिसातली मराठी आणि घरची मालवणी एकमेकींत मिसळायची. “समुद्रात नुसते बारा खांब उभे आहेत, साहेब. वर स्लॅब नाही, उतरायला पायरी नाही. आम्ही बाया अजून कमरेएवढ्या पाण्यातून मासळीच्या टोपल्या डोक्यावर आणतो. माझी जाऊ सप्टेंबरात त्याच खांबाच्या सळईवर आपटली. खुब्याचं हाड मोडलं तिचं!”

“वाईट झालं. पण नोंदीत काम ‘पूर्ण’ आहे. आणि हे बघा, डिसेंबरात लोकसभेत उत्तर गेलंय. संसदेत सांगितलेलं खोटं कसं असेल?”

त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला. एका खासदारांनी विचारलं होतं, किनारपट्टीवर मासळी उतरवायच्या जेट्यांसाठी केंद्र सरकारने किती खर्च केला, किती कामं झाली, कुठं कुठं झाली? उत्तराला तक्ता जोडला होता, त्याला परिशिष्ट म्हणतात. त्यात एकतिसाव्या ओळीवर ‘आडबंदर, जिल्हा सिंधुदुर्ग’ आणि त्यासमोर ‘पूर्ण, निधी शंभर टक्के खर्च’.

किशोरीने ती ओळ तीनदा वाचली आणि अर्ज होता तसा परत घेऊन बाहेर पडली.

वाचकहो, अशा टेबलासमोर तुम्हीही कधीतरी उभे राहिला असाल. डोळ्यांनी बघितलेलं खोटं आणि कागदावर लिहिलेलं खरं, हा न्याय आपल्याला नवा नाही. आपण काय करतो? चार शिव्या मनात देतो आणि घरची वाट धरतो. किशोरीही तेच करणार होती. पण आडबंदरच्या स्टॉपवर एसटीतून उतरल्यावर तिची पावलं घराकडे न जाता फ्रान्सिस्का टीचरच्या पडवीकडे वळली.

फ्रान्सिस्का टीचर म्हणजे गावाच्या शाळेत तेहतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई. अर्ध्या गावाने तिच्या हातच्या छड्या खाल्लेल्या. किशोरीही त्यातलीच. आता टीचरचा सगळा दिवस मोबाइलवर सरकारी कागद वाचण्यात जाई. गाव हसायचं. टीचर म्हणायची, “हसा, हसा. मी तेहतीस वर्षां संसद शिकवलंय, पण संसदेचो कागद कधी उघडून बघूक नाय. आता फेडतंय.”

किशोरीने पडवीत बसल्या बसल्या सगळं ओकून टाकलं. “टीचर, दिल्लीत बसान खोटा बोलतत! मंत्र्यांका लाज नाय वाटना?”

टीचरने मोबाइलवर तेच उत्तर शोधून काढलं, सावकाश वाचलं आणि एका वाक्यावर बोट ठेवलं. “ह्यां बघ. ‘राज्याकडून मिळालेल्या माहितीनुसार’. म्हणजे दिल्लीन आपणहून सांगूक नाय. राज्यान कळवला. राज्याक जिल्ह्यान. जिल्ह्याक कोणी कळवला?”

“तां माका काय म्हायत?”

“मगे विचारुया. माहितीचो अधिकार कित्याक आसा?”

“टीचर, ह्यो प्रश्न विचारणारी खासदार तरी आपली आसा काय? नाव वाचलंय, खंयच्या खंय, जंय समुद्रच नाय थंयची बाई.”

“आणि तरीय तिणां तुझ्या जेटीचा विचारला!” टीचर एकदम तापली. “संसदेत सरकाराक विचारूक लागता, पैसे खंय गेले, दाखव. तां काम त्या बायन केला. आता उत्तर खरा की खोटा, तां तिका कोण सांगतला? तिका आडबंदर दिसता काय? तुका दिसता! पडवीत बसान शिव्या देतंस, त्यापरीस लिव.”

टीचरच्या हातात आता छडी नव्हती, पण किशोरी पाठ ताठ करून बसली. दोघींनी मिळून अर्ज लिहिला. आडबंदरची जेटी पूर्ण झाल्याचं ज्या कागदांवरून ठरवलं, त्या सगळ्यांच्या प्रती द्या.

महिन्याभराने जाड लिफाफा आला. मोजमापाचे कागद होते, बिलं होती, दुसऱ्याच कुठल्यातरी बंदराचे फोटो होते. किशोरी एकेक पान उलटत दात-ओठ खात होती. “चोर मेले! ह्यो फोटो बघा टीचर, ह्यो आपलो किनारो न्हयच! आपल्याकडे ह्यो डोंगर खंय आसा?”

आणि मग शेवटचं पान आलं.

‘लाभार्थी संस्थेचा कामपूर्तीचा दाखला. आम्ही आडबंदर मच्छीमार महिला संस्थेच्या सभासद लिहून देतो की, जेटीचे काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाले असून जेटी वापरात आहे.’ खाली बारा सह्या. पहिली सही अध्यक्षांची. गोल, टपोरं अक्षर, शेवटच्या ‘री’ला लांब शेपूट. टीचरनेच पाचवीत घटवून घेतलेलं अक्षर!

संस्थेची अध्यक्ष किशोरीच होती. तिला तो दिवस लख्ख आठवला.

मागच्या वर्षीचा शिमगा. मांडावर, म्हणजे सगळा गाव जमतो त्या देवाच्या जागेवर, गाऱ्हाणं चाललं होतं. गावचा मानकरी, गावकार, देवाला सांगत होता आणि दर वाक्याला सगळा गाव एका आवाजात म्हणत होता, “व्हय म्हाराजा!” तेवढ्यात दाजी आला. दाजी गावचाच, ठेकेदाराकडे देखरेखीला असलेला. त्याने हातातला कागद देवापुढे ठेवला आणि गावकाराच्या कानात काही सांगितलं. गावकाराने लगेच गाऱ्हाण्यात घातलं, “बंदरार जेटी बांधूक घेतली हा, तेच्यात खंयची आडकाठी येव नये, तां काम पुरा करून घे रे म्हाराजा!” गाव गरजला, “व्हय म्हाराजा!” बायकाही गरजल्या. किशोरीचा आवाज तर सगळ्यांत मोठा.

आणि मग दाजीने तोच कागद तिच्यापुढे धरला. “मार्च एंड आसा गो. आज सही नाय झाली तर पैसे दिल्लीक परत जातले. काम काय, होतलाच मगे. देवाक सांगला मां आता?” देवापुढून उचललेला कागद! तो वाचायचा असतो हे डोक्यातसुद्धा आलं नाही. किशोरीने सही केली आणि तिच्यामागून बाकीच्या अकरा जणींनी. देवाकडे केलेलं मागणं आणि सरकारला दिलेला दाखला एकाच झटक्यात उरकला. काम व्हावं म्हणून मागितलेलं, ते झालं म्हणून लिहून दिलं!

“सहावी सही बघ,” टीचर हळूच म्हणाली.

सहावी सही जानकीची होती. काठी टेकत चालणाऱ्या तिच्या जावेची.

त्या संध्याकाळी किशोरीने तो कागद जानकीपुढे ठेवला. जानकीने स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, “माका वाचूक येता गो किशोरी. पण मी वाचूक नाय. तू सही केलंस म्हणान मी केलंय.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं खरं ते बोलली आणि किशोरीला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी दाजी दारात हजर. माहितीचा अर्ज गेल्याची कुणकुण त्याला लागली होती. “किशोरी, कित्याक उकरून काढतंस? उद्या चौकशी झाली तर पयली तू अडकतलंस. खोटो दाखलो कोणाचो? तुझो! गावाचा नाव पेपरात येतला. गप ऱ्हव. ठेकेदाराक सांगान मी चार पायऱ्ये बांधून घेतंय.”

किशोरी घाबरली. का घाबरू नये? संस्थेचं अध्यक्षपद जाईल, पोलीस दारात येतील, नवरा काय म्हणेल, बाकी अकरा जणी तोंडावर थुंकतील. दोन दिवस ती टीचरच्या पडवीकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी टोपल्या उतरवायला किनाऱ्यावर गेली, तर गावातल्या दत्तारामची होडी आलेली आणि त्याची सून, सारिका, सहाव्या महिन्यातली, डोक्यावर टोपली घेऊन त्याच खांबांमधून वाट काढत येत होती. लाट आली. सारिका डगमगली, एका हाताने तिने खांब धरला. गंजकी सळई तिच्या पोटापासून वीतभर दूर होती.

“थांब! हलू नको!” किशोरी लुगड्यासकट पाण्यात धावली. टोपली काढून घेतली, पोरीला हाताला धरून बाहेर आणलं. आणि स्वतः वाळूत बसली. हे खांब, ही सळई, ही पोर, आणि दिल्लीच्या तक्त्यात इथे जेटी वापरात आहे! कोणाच्या सहीने? तिच्या! आता गप्प राहणं म्हणजे रोज सकाळी तीच सही पुन्हा करणं होतं.

ती ओल्या लुगड्यानेच टीचरकडे गेली. “टीचर, कागद काढा. मी सांगतंय, तुमी लिवा. नाय, नको. मीच लिवतंय.”

यंदाच्या शिमग्याला गाऱ्हाणं संपल्यावर किशोरी मांडावर उभी राहिली. असं कोणी बाईमाणूस तिथे उठून बोलल्याचं गावाला आठवत नव्हतं. तिने दाखला वाचून दाखवला, परिशिष्टातली एकतिसावी ओळ वाचली, आणि म्हणाली, “ह्या खोट्यार पयली सही माझी आसा. चूक माझी. तेचा काय व्हायचा तां होवंदे. पण मी खासदारबायक खरा कळवतलंय. कोण सही करतला?”

“देवाच्या मांडार राजकारण कित्याक?” दाजी ओरडला.

“देवाच्या मांडार खोटो कागद कोणी आणलो रे दाजी?” मागून आवाज आला. जानकी काठीवर जोर देऊन उठत होती. “मी करतंय सही. पण आधी माका वाचूक दी.”

हशा झाला, आणि हशातच दाजी खाली बसला. बारा जणींनी ते पत्र बसून, बोट फिरवत, शब्दन् शब्द वाचलं. ‘दाखल्यावरील सह्या आमच्या आहेत. त्या दिवशी जेटी नव्हती. आजही नाही.’ खांबांचे, सळयांचे, बारा जणींचे फोटो जोडले आणि पत्र त्या दूरच्या खासदारबाईंना गेलं.

पावसाळी अधिवेशनात त्यांनी पुन्हा विचारलं. पूर्ण म्हणून सांगितलेलं काम प्रत्यक्षात कोणी बघितलं? पैसे कोणाला दिले? मधे बरंच पाणी पुलाखालून गेलं. किशोरीला चौकशीत दोनदा जबाब द्यायला बोलावलं, ती दोन्ही वेळा गेली आणि ‘सही माझीच’ म्हणून आली. अधिवेशन संपता संपता खात्याने आधीच्या उत्तरात दुरुस्ती करणारं निवेदन ठेवलं. आडबंदरसमोरचं ‘पूर्ण’ खोडलं गेलं, तिथे ‘अपूर्ण, चौकशी सुरू’ आलं. ठेकेदाराला वसुलीची नोटीस निघाली. आणि तालुक्याच्या साहेबांनी तोच जुना अर्ज मान वर करून घेतला.

एवढ्याने जेटी झाली का? नाही! फुकट आशा कशाला दाखवू? पण ऑक्टोबरात खांबांवर पुन्हा माणसं चढली, उघड्या सळया आधी झाकल्या. महिन्याभराने नवा देखरेखवाला कागद घेऊन किनाऱ्यावर आला. “स्लॅब झाला असं लिहून द्या, म्हणजे पुढचा हप्ता निघेल. दोन दिवसांत ओततोच.”

बारा जणी टोपल्या खाली ठेवून उभ्या राहिल्या. कोणीही ‘व्हय’ म्हटलं नाही. जानकी काठी टेकत पुढे झाली. तिने कागद घेतला, वाचला, घडी घालून त्याच्या खिशात परत ठेवला.

“स्लॅब ओत,” ती म्हणाली. “माका तेच्यार चालूक दी. मी ह्या काठयेन ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चलत गेलंय, की मगे सही.”

मित्रांनो, आपल्या पैशाचा हिशेब संसदेत मागता येतो, ही लहान गोष्ट नाही. कुठली तरी खासदार उभी राहते आणि सरकारला विचारते, खर्च केलात तो दाखवा. पण त्या प्रश्नाला खोटं उत्तर मिळतं तेव्हा त्या खोट्याच्या तळाशी कुठेतरी एक न वाचलेली सही असते. ती तुमची असू शकते, माझी असू शकते. सरकारला जाब विचारायचा हक्क आपल्याला आहेच, तो सोडू नका. मात्र त्याआधी आपल्यापुढे आलेला कागद वाचा, काम डोळ्यांनी बघा, आणि झालं नसेल तर ‘नाही’ म्हणा.

गाऱ्हाण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं ते देवाला. सरकारी कागदाला नाही!