पाच फूट आणि वर तीन इंच

आमच्या ह्यांचं शिलाईचं दुकान म्हणजे खुराडं, त्यामुळे मशीन दाराबाहेर फुटपाथवर. पालिकेचे साहेब बजावून गेले, "लोकांना चालायला पाच फूट मोकळे सोडा." ह्यांनी टेप लावून खडूने रेघ मारली आणि मशीन ठेवलं रेघेच्या तीन इंच बाहेर, लोकांच्या वाटेत. जित्याची खोड!

दुसऱ्या दिवशी साहेब डाफरले, "हे तीन इंच कसले?"

"मार्जिन ठेवलंय, साहेब. पुढेमागे लागलं तर."

ह्यांच्यावर डाफरायचा मान फक्त माझा. मी उसळले, "असंच शिवणीत मार्जिन ठेवलं होतं, म्हणून गेल्या महिन्यात तुमची पँट सैल करता आली!"

साहेबांनी श्वास ओढून पोट आत घेतलं. कसेबसे म्हणाले, "मी घेतलं आत. आता तुम्ही घ्या."