बापूजींची परखी

ढाणकीच्या बाजारात बापूजींच्या परखीची मोठी दहशत. परखी म्हणजे धान्याच्या पोत्यात खुपसायची टोकदार, पोकळ लोखंडी नळी. ती आत घालायची, बाहेर काढायची, चार दाणे तळहातावर घ्यायचे आणि साऱ्या पोत्याचा निकाल लावून मोकळं व्हायचं. बापूजी धान्याचे व्यापारी, केस पिकेपर्यंत हेच करत आलेले. शेतकऱ्याने पोत्याचं तोंड उघडून कितीही टपोरं सोयाबीन दाखवलं, तरी हा माणूस वरच्या दाण्याकडे ढुंकूनही पाहायचा नाही.

"शेठ, एवढ्याशा दाण्यावरून साऱ्या पोत्याचं कसं सांगता?" सोयाबीन विकायला येणारा देवसिंग दर हंगामात कुरकुरायचा.

"आत गेल्याबिगर खरं कळत नाही, गड्या," असं म्हणून बापूजी परखी खुपसायचे.

तर अशा या बापूजींच्या गळ्यात गाठ निघाली. शोधली त्यांच्या बायकोने, भागीरथाने. बापूजी मान वर करून बशीतला चहा ओढत होते आणि प्रत्येक घोटासरशी गळ्याशी सुपारीएवढं काहीतरी वर जाऊन खाली येत होतं. तिने बशी काढून घेतली आणि बोट लावून पाहिलं.

"दुखत नाही, खुपत नाही. राहू दे तिले," बापूजी म्हणाले. भागीरथाने राहू दिलं नाही. दुसऱ्याच दिवशी एसटीत बसवून त्यांना यवतमाळला नेलं.

तिथल्या डॉक्टर अनघा वयाने लहान, पण कामाला पक्क्या. त्यांनी रक्त तपासलं, गळ्याची सोनोग्राफी केली आणि समोर बसवून सांगितलं, "काका, ही थायरॉइडची गाठ आहे. अशा बहुतेक गाठी साध्याच असतात. पण हिच्या कडा थोड्या वेड्यावाकड्या दिसतात, आत पांढरे ठिपकेही आहेत. कॅन्सर नाही ना, याची खात्री करायला हवी. बारीक सुई घालून आतल्या पेशी काढू आणि तपासायला पाठवू."

कॅन्सर म्हटल्याबरोबर बापूजी घाबरले. पण बायकोसमोर तसं कबूल करतील तर ते बापूजी कसले! त्यांनी सौदा सुरू केला.

"सुई कायले? वरून पाहा ना. वरून तं झकास दिसून राह्यली."

"वरून कळत नाही, काका."

"अन् खुपसल्यानं पसरली तं? बाजारात सारे म्हणतात, गाठीले लोखंड लावू नये."

"या सुईनं पसरत नाही. ती भीती मनातून काढा."

आता भागीरथाच्यानं राहवेना. "अवो, जिंदगीभर लोकायची पोती भोसकली तुमी. एखादं तरी पसरलं का?"

बापूजी मुकाट्याने टेबलावर आडवे झाले. खांद्याखाली उशी, मान मागे, आणि बोलायचं नाही, गिळायचं नाही असा हुकूम. सोनोग्राफीत बघत डॉक्टरांनी सुई घातली, हलवली, काढली. मग दुसऱ्या जागी, मग तिसऱ्या. बापूजींना फार सांगावंसं वाटत होतं, की बाई, आत सारा माल चोख आहे, माझ्या शब्दावर विश्वास ठेवा. नेमकं हेच वाक्य त्यांनी बाजारात हजारदा ऐकलं होतं आणि एकदाही मानलं नव्हतं. डोळ्यांच्या कडेने पाणी निघून कानात उतरलं. सुई तर मुंगीएवढीच चावली होती, त्यासाठी कोण रडतो?

रिपोर्टला आठवडा लागणार होता. परखी खुंटीला लटकत राहिली. देवसिंग पोती घेऊन आला, तर त्यालाही "ठेवून जाय, मंग पाहू" म्हणून वाटेला लावलं. जेवताना एकदा बापूजी भागीरथाला म्हणाले, "मले काही मरायचं भेव नाही." मग घास तसाच हातात धरून म्हणाले, "आहे. लय आहे."

"मलेबी," भागीरथा म्हणाली आणि त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी वाचला आणि हसून मान वर केली. "काका, गाठ साधी आहे. कॅन्सर नाही."

भागीरथाने तिथेच हात जोडले. बापूजींच्या तोंडून मात्र भलतंच निघालं. "पण मॅडम, एवढ्याशा मालावरून साऱ्या गाठीचं कसं सांगता?" म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

"म्हणून तर तीन जागचं घेतलं," डॉक्टर म्हणाल्या. "आणि म्हणूनच सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफीला यायचं."

दुसऱ्या सकाळी देवसिंग दुकानात हजर. "घसा कसा हाय, शेठ?"

"चोख निघाला." बापूजींनी खुंटीवरची परखी काढली, त्याच्या पोत्याला टेकवली आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी परखी बाजूला ठेवली. "देवसिंग, मान काही ओतून दाखवता येत नाही. पोतं तं ओतता येते. अंथर ताडपत्री, ओत सारं. आज तुह्या पोत्यातला दाणा न् दाणा पाहतो."

देवसिंगचा चेहरा उतरला. त्याने पोत्याच्या बुडाकडे पाहिलं, बापूजींकडे पाहिलं आणि तो सरळ पोत्यावर जाऊन बसला.

"राहू द्या ना, शेठ. कायले तरास करता? परखीच बरी हाय."

बापूजी हसायला लागले. गेला आठवडाभर गळ्याशी अडकलेलं सारं त्या हसण्यातून बाहेर पडलं. इतके हसले, की मागच्या घरातून भागीरथा धावत आली. तिने आधी त्यांच्या गळ्याकडे पाहिलं, मग पोत्यावर गच्च बसलेल्या देवसिंगकडे पाहिलं, आणि ती तिघांसाठी चहा ठेवायला आत गेली.